युसूफ, तुझं इंजिन गुरगुरत नव्हतं

युसूफ, तुझं इंजिन बंद पडलंय.

परवा दुपारी तुझी नसरीन ते बुटाच्या खोक्यात घालून घेऊन आली. चहा घेतला, तुझ्या शेवटच्या दुखण्याचं थोडं बोलली, डोळे पुसले आणि निघताना म्हणाली, "चाचा, अब्बांच्या कपाटात होतं. मोटर फिरते पण गाडी हलत नाही. आमच्यात कुणाला यातलं कळत नाही. तुम्हीच ठेवा." मी म्हटलं, "बघतो." ती गेल्यावर खोकं समोर ठेवून बसून राहिलो. हात लावला नाही. ते हिरवं इंजिन मी चांगलं ओळखतो. दुसऱ्या कुठल्या वस्तूचा मी जन्मात एवढा दुस्वास केला नसेल.

तुझ्या मातीला येऊन गेलो त्याला तीन आठवडे झाले. आपली रविवारची खेळण्यातल्या गाड्यांची मंडळी म्हणाली, तात्या, युसूफभाईंवर दोन शब्द लिहून द्या, छापून सगळ्यांना वाटू. मी म्हटलं, मी सातवी नापास माणूस, लेथवर उभं राहून जन्म गेला, मी काय लिहिणार? तर म्हणे, बोलता तसं लिहा. मग बोलतो. पण त्यांच्याशी नाही, तुझ्याशी बोलतो. तू किती चांगला होतास ते बाकीचे लिहितील. मी तुझ्यावर किती जळायचो ते मी लिहितो. ते माझ्याइतकं कुणाला माहीत नाही. तुलाही नसेल. असेलही, तू घड्याळजी होतास, बारीक बघायची सवय तुला.

आपली ओळखच भांडणात झाली. जुन्या बाजारात एका गोणपाटावर मोडक्या टेपरेकॉर्डरची मोटर पडली होती. मी हात घातला, त्याच वेळी तूही घातलास. मी म्हटलं, "आधी मी बघितली." तू म्हणालास, "बघितली तू, पण पकडली मी." मग दोघांनी एकमेकांना विचारलं, कशाला पाहिजे? दोघांचं उत्तर एकच निघालं. वीतभर लांबीचं रेल्वेचं इंजिन बनवायचं होतं. तो दुकानदार हसला. साठीला टेकलेले दोन म्हातारे, आणि खेळण्यासाठी भांडतात. मोटर शेवटी तू नेलीस. तिथूनच सुरू झालं बघ.

कमलला तू पहिल्या दिवसापासून आवडलास. माझी बायको सरळ बाई, चांदवडकडची, मनात येईल ते बोलायची. कुणाच्या मनात भलतंसलतं येऊ नये म्हणून सांगतो, तसला संशय मला कधी आला नाही. ती तुला युसूफभाऊ म्हणायची आणि तू तिला भाभी. पण चाळीस वर्षं माझ्या हातचं काम बघून ती कधी "वा" म्हणाली नाही, आणि तुझ्या गाडीचं पहिलंच चाक फिरलं तर म्हणाली, "भाऊ, किती गुणी हात आहे तुमचा." मी तिथंच बसलो होतो, हातात फाईल घेऊन. माझे हात काय बिनगुणी होते?

आणि सगळं अडलं ते त्या जॉइंटवर. वाचणाऱ्यातल्या कुणाला ठाऊक नसेल तर सांगतो. डिझेल इंजिनाचं मॉडेल करायचं तर मोटर मध्ये बसते, आणि चाकं असतात पुढच्या नि मागच्या बोगीत, म्हणजे इंजिनाखालच्या वळत्या चौकटीत. रूळ वळला की बोगी वळते, मोटर मात्र जागची हलत नाही. म्हणजे मोटरचा फेर बोगीपर्यंत नेणारा असा काहीतरी तुकडा मध्ये पाहिजे, जो फिरेलही आणि वाकेलही. तो नीट निवडला तर गाडी चालते. चुकला तर वळणावर बसते नाहीतर रूळ सोडते. पुढचे आणि मागचे असे दोन तुकडे, नखाएवढे. त्यांच्यावरून आपण किती वर्षं भांडलो.

तुझं म्हणणं, रबर. तेही कसलं, तर सायकलच्या चाकात हवा भरायच्या तोंडाशी असते ती व्हॉल्व ट्यूब. "एक तुकडा काप, दोन्ही दांड्यांवर चढव, काम झालं." मी म्हणायचो, ही काय इंजिनिअरिंग झाली? पंक्चर काढायचं काम झालं. माझं म्हणणं, पितळ. एका बाजूला ज्वारीच्या दाण्याएवढी गोळी, तिला दोन कान. दुसऱ्या बाजूला गोळी बसेल अशी वाटी, वाटीला दोन खाचा. कान खाचेत अडकतात, गोळी वाटीत फिरते. लेथवर आठ दिवस बसून केलेलं काम. आणि फिटिंग असं, की गोळी वाटीत गेली की हवा जायला जागा नाही. कारखान्यात आम्हाला तेच शिकवलं होतं. प्ले, म्हणजे सैलपणा, राहिला की जॉब भंगारात.

तू भिंग लावून ते जॉइंट बघितलेस, आणि काय म्हणालास आठवतं? "नाम्या, काम एक नंबर. पण तू गोळीचा गळा दाबलाय. जरा साँस तर घेऊ दे तिला."

"तुझं घड्याळ ठेव तुझ्यापाशी. हे इंजिन आहे."

"घड्याळातही चाकाला हलायला जागा ठेवतात, बाबा. नाहीतर वेळ बंद पडेल."

मी ऐकलं नाही. कुणाचंच ऐकायचो नाही, तुझं तर मुळीच नाही.

माझ्या गच्चीवर आपण रूळ मांडायचो. पंचवटीतल्या त्या गच्चीत दुपारनंतर सावली यायची, तेव्हा दाराच्या जुन्या फळीवर अंड्यासारखा गोल रूळ, मागे सात डबे. कमल एका वळणापाशी पाट टाकून वाटाणे सोलत बसायची. आम्हा दोघांची न्यायाधीश तीच. तुझं इंजिन सरळ रुळावर लोण्यासारखं जायचं आणि वळणावर रबर पिळवटलं की झटके खायचं. तेल लागलं की ट्यूब निसटायची. उन्हाळ्यात तडकायची. माझं इंजिन कधी निसटलं नाही. पण सगळा वेळ घरघर करायचं, आणि वळण आलं की बोगी आडमुठ्या बैलासारखी ताठ. तिसऱ्या फेरीला रूळ सोडलाच समजा.

"तुमचं गुरगुरतं," कमल म्हणायची.

"गुरगुरणारच. पितळ आहे ते. त्याचं रबर आहे."

"रबर असो की सोनं असो. कान तर माझे आहेत ना?" आणि मग जरा थांबून, "जरा सैल करून बघा की. युसूफभाऊ सांगतात तसं."

युसूफभाऊ सांगतात तसं! मी तिला म्हटलं, "तू वाटाणे सोल."

त्याच दिवशी माझं इंजिन वळणावर आडवं झालं आणि फळीवरून खाली पडलं. तू धावत उचलायला आलास. मी तुझा हात झटकला. तू गेल्यावर मी इंजिनाचा वरचा टप काढला, दोन्ही जॉइंट उपसले आणि मोरीजवळच्या भंगाराच्या डब्यात फेकले. आठ दिवसांचं काम. कमल बघत होती. पुढे महिनाभर मी इंजिनाकडे बघितलं नाही आणि तुझ्याकडेही फिरकलो नाही.

महिन्यानं तू आलास, हे हिरवं इंजिन घेऊन. सात डबे लावलेस. आणि युसूफ, ते चाललं. ना झटका, ना घरघर. वळणावर बोगी अशी वळली, जशी बाई डोक्यावर हंडा घेऊन गल्लीत वळते. कमल वाटाणे सोडून उठली, वळणापाशी उभी राहिली, मला म्हणाली, "ऐका. ऐका म्हणते. आवाज येतो का तरी?" आणि तुझ्याकडे बघून हसली. तू मान खाली घातलीस. मी ते बघितलं. ती कशासाठी हसली, तू खाली का बघितलंस, हे मला कळलं नाही. एवढंच कळलं, की मी तिथं बसलेला असून तिथं नव्हतो.

"काय केलंस?" मी विचारलं.

"ट्यूब बदलली."

"खोल. बघू दे."

"चालतंय त्याला हात लावायचा नाही, नाम्या."

तू खोललं नाहीस. मग मी ठरवून टाकलं, की तू बाहेरदेशाहून तयार जॉइंट मागवलेत, आणि स्वतःची करामत म्हणून मिरवतोयस. नुसतं ठरवलं नाही, सांगत सुटलो. मंडळीत प्रत्येकाला सांगितलं, "युसूफचं काय, पैसे टाकले, पार्सल आलं." तुझ्या कानावर ते गेलं होतं. कुणीतरी तुझ्यासमोरच तुला विचारलं, तेव्हा तू चहाचा घोट घेतलास आणि म्हणालास, "जॉइंट चांगला आहे एवढं खरं." मी मनात म्हटलं, बघा, कबूल केलं.

मग कमलचं दुखणं आलं. पहिले चार महिने दवाखाना, नंतर डॉक्टर म्हणाले, आता घरी न्या. ती पडून पडून कंटाळायची. टीव्ही नको म्हणायची. एक दिवस तुला म्हणाली, "भाऊ, तुमची गाडी आणा." तू आणलीस. तिच्या खाटेभोवती फरशीवर रूळ मांडलास. खाटेखालून जाऊन गाडी तिच्या उशाशी बाहेर पडायची. ती डोळे मिटून ऐकायची. "गेली," म्हणायची. थोड्या वेळानं, "आली." बस, तेवढंच. तू रोज दुकान दोन तास बंद ठेवून यायचास. आणि मी दारात उभा. माझ्या घरात, माझ्या बायकोच्या खाटेभोवती, तुझं इंजिन.

एकदा मी माझं कपाटातलं काढलं. नवीन जॉइंट करून बसवले होते, पहिल्यासारखेच घट्ट. म्हटलं, "माझं लावू का थोडा वेळ?"

ती म्हणाली, "राहू द्या. हेच बरं आहे." मग डोळे उघडून माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "तुम्हाला कसं हो कळत नाही."

मला वाटलं, टोमणा मारला. मरणाच्या दारातली बाई, आणि मी तिच्यावर रुसलो. संध्याकाळपर्यंत बोललो नाही तिच्याशी. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

पुढच्या आठवड्यात, दुपारची वेळ, गाडी चालू होती. "आली" म्हणायची वेळ झाली आणि ती काही म्हणाली नाही. गाडी उशाशी येऊन गेली, परत आली. आधी तुझ्या लक्षात आलं. तू बटण बंद केलंस. माझी बायको गेली, आणि तिनं शेवटचा आवाज ऐकला तो तुझ्या इंजिनाचा.

मी काय बोललो ते तुला आठवत असणार. "उचल ते. परत माझ्या घरात आणू नकोस." अजून तिच्या अंगावर चादर ओढायची होती तेव्हा. तू रुमालात गुंडाळलंस, "ठीक है, नाम्या" म्हणालास. आणि दारात थांबलास. तोंड उघडलंस. मला वाटलं काहीतरी बोलणार. पण परत मिटलंस आणि जिना उतरलास.

त्यानंतर तीन वर्षं आपण भेटत होतो. दर रविवारी चहा, बिस्कीट, दुसऱ्यांच्या गाड्यांना नावं ठेवणं, सगळं होतं. पण ते इंजिन तू कधी आणलं नाहीस आणि मी कधी विचारलं नाही.

तर परवा संध्याकाळी मी खोक्याचं झाकण काढलं. टपाचे दोन स्क्रू काढले. आत काय असेल ते मला माहीतच होतं, परदेशी माल. रबर काळं पडून चिकट झालं होतं, बोट लावलं तर चुरा झाला. म्हणून मोटर फिरत होती आणि गाडी हलत नव्हती. मोटरच्या दांडीवर व्हॉल्व ट्यूबचा छोटा तुकडा, आणि त्याच्या पुढे पितळ दिसलं. गोळी, वाटी, दोन कान, दोन खाचा. मी भिंग लावलं. वाटीच्या कडेला पंचनं मारलेली तीन टिंबं.

कारखान्यात प्रत्येक टर्नरनं आपल्या जॉबवर आपली खूण मारायची असते. जॉब परत आला तर कुणाचा ते कळावं म्हणून. माझी खूण तीन टिंबं. रिटायर झालो तरी हाताची सवय गेली नाही.

मी स्क्रू-ड्रायव्हर परत हातात घेतला, युसूफ. दुसरी बोगी खोलली. तिथंही तीन टिंबं.

डब्यात फेकलेले माझे जॉइंट. तू तर त्या महिन्यात माझ्या घरी आलाच नव्हतास. घरात माणसं दोन, एक मी. मग मला एक दिवस आठवला. कमल भाजीला म्हणून गेली होती. भाजीबाजार आमच्या घरापासून पाच मिनिटांवर, आणि ती आली दोन तासांनी. मी ओरडलो, "एवढा वेळ कुठं होतीस?" तर म्हणाली, "गर्दी होती." पिशवीत मेथीची सुकलेली जुडी आणि कागदात बांधलेली नानकटाई. ती नानकटाई पुलापलीकडे तुझ्या दुकानाच्या गल्लीतल्या भट्टीचीच असते, दुसरीकडे तशी मिळत नाही. मी चार खाल्ल्या. कुठून आणली म्हणून विचारलं नाही.

म्हणजे तिनं डब्यातून ते दोन तुकडे वेचले, पदराला पुसले असतील, आणि पूल ओलांडून तुझ्याकडे आणले. काय म्हणाली असेल? "भाऊ, यांचं काम वाया गेलं नाही पाहिजे"? की "हे ऐकत नाहीत, तुम्हीच बघा"? मला नेमके शब्द पाहिजेत, युसूफ. ते आता कुणाकडे मागू? ते ऐकलेला एक तू होतास.

आणि तू काय केलंस ते भिंगात दिसतं. गोळीला केसाएवढं घासलंयस, घड्याळाची चाकं घासायच्या दगडावर, चकचकीत. कानांच्या धारदार कडा घासून गोल केल्यास. मोटरकडच्या बाजूला रबर ठेवलंस, आवाज गिळायला. तुझंही बरोबर होतं आणि माझंही. रबर एकटं वळणाला पुरत नव्हतं आणि पितळ एकटं गप्प बसत नव्हतं. हे तू मला तेव्हाच सांगितलं असतंस तर मी काय केलं असतं? खरं सांगू का, जॉइंट उपसून घेऊन गेलो असतो. ते तुम्हा दोघांना ठाऊक होतं, म्हणून बोलला नाहीत.

पण यानं माझी जळजळ गेली असं समजू नकोस. आधी मी एका इंजिनावर जळत होतो. आता दोघांवर जळतो. तुमचं दोघांचं एक गुपित होतं आणि ते गुपित म्हणजे मी. खाटेवरून ती "हेच बरं आहे" म्हणाली तेव्हा तू खाली मान घालून रूळ पुसत होतास. तुला माहीत होतं ती कशाला बरं म्हणतेय. मला नव्हतं. तिनं मला शेवटी शेवटी दिलेली शाबासकी तू ऐकलीस आणि मी रुसून बसलो. आणि दारात तू थांबलास तेव्हा हेच सांगणार होतास ना? का मिटलंस तोंड? मी शिवी दिली असती, दिली असती तर दिली असती.

वर तुमची व्यवस्था वेगळी आणि आमची वेगळी असेल, मला त्यातलं कळत नाही. पण भेटलीच ती, तर माझ्याआधी तुला भेटणार, हेही मला चालत नाही. सांगून ठेवतो.

काल सकाळी सायकलच्या दुकानात गेलो. म्हटलं, "व्हॉल्व ट्यूब आहे का?"

पोऱ्या म्हणाला, "काका, ती आता कोण वापरतं? कुठली सायकल आहे?"

"सायकल नाही. इंजिन आहे."

तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मग एका बरणीच्या तळातून वीतभर काढून दिली. ज्या ट्यूबला आयुष्यभर पंक्चरवाल्याचं काम म्हटलं, ती खिशात घालून घरी आलो. दोन तुकडे कापले. जॉइंट धुतले. तू नक्की किती सैल केलंस ते मोजावं म्हणून मायक्रोमीटर काढला होता. पेटीतून काढला, हातात धरला आणि परत पेटीत ठेवला. तो आकडा तुझा आहे.

रविवारी इंजिन घेऊन जाणार आहे. मंडळी विचारतील, तात्या, कुणाचं? युसूफचं, म्हणेन. आतला जॉइंट माझा आहे, हेही सांगेन. ते सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही, तू मला ओळखतोस. आणि पार्सल वगैरे काही आलं नव्हतं, ते मीच पसरवलं होतं, हेही तोंडानं सांगेन. तुझ्यासमोर सांगायला हवं होतं. राहिलं. माफी लिहून होत नाही, पण लिहितो. माफ कर, युसूफ.

काल दुपारी कमलच्या खाटेभोवती रूळ मांडला. खाट आहे तिथंच आहे, मी हलवली नाही. सात डबे लावले, बटण दाबलं. गाडी खाटेखाली गेली आणि उशाशी बाहेर आली. आवाज नाही.

पहिल्या फेरीला मी मोठ्यानं म्हणालो, "माझा जॉइंट आहे तो." घरात कुणी नव्हतं. दुसऱ्या फेरीला म्हणालो, "सैल युसूफनं केला." मग खाटेच्या कडेला बसलो आणि तिच्यासारखे डोळे मिटले.

गेली. थोड्या वेळानं, आली.